तालुका-जिल्हा नसलेला पत्ता

अंगणवाडी तपासायला जाताना माझ्याजवळ एक यादी असायची. छप्पर, पिण्याचं पाणी, वजनकाटा, तक्ते, भांडी, झाडलोट. जे नीट नसेल त्याच्यापुढे फुली मारायची आणि ते कोणाकडून करून घ्यायचं ते शेजारी लिहायचं. मी पर्यवेक्षिका होते. घरातही माझं किराण्यापासून लग्नाच्या आमंत्रणांपर्यंत सगळं यादीनंच चालतं. बेहडाटोल्याच्या अंगणवाडीत फुल्या भरपूर पडत. तिथल्या मदतनीस सुवार्ताबाई माझ्यामागून फिरत आणि प्रत्येक फुलीवर एकच शब्द बोलत.

"छपरावरचे कवेलू सरकलेत, बाई. मुलांच्या डोक्यावर पाणी पडेल."

"सध्यापुरतं हाय, मॅडम."

"दाराची कडी कुठं गेली?"

"सध्यापुरती दोरी बांधली हाय."

मला ही टाळाटाळ वाटली. एकदा चिडून म्हटलं, "तुमचं सध्यापुरतं संपणार तरी कधी?"

त्या खिचडीचं पातेलं घासत होत्या. हात थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, चेष्टाही नव्हती.

"थेच त पाहून राह्यली मी," त्या म्हणाल्या.

मोहर्लीच्या पुढे, जंगलाच्या आत, थोड्या घरांचं हे गाव होतं. सुवार्ताबाई मूळच्या सिरोंच्याकडच्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी. तिकडे हे मुलींचं नाव असतं. बेहडाटोल्यात ते कोणाच्या तोंडी बसलं नाही, म्हणून गावानं त्यांना वार्ताबाई केलं. नवरा राजन्ना बांबू कटाईच्या टोळीबरोबर आला होता. टोळी परत गेली, हे दोघं राहिले. मूलबाळ झालं नाही. गावातली सगळी मुलं सकाळी हाका मारून गोळा करायचं काम मात्र बाईंकडे आलं. त्या एका दारातून दुसऱ्या दारात जाताना नावांचं गाणंच करत, आणि शेवटच्या घरापर्यंत पोचेस्तोवर मागे मुलांची शेपटी तयार झालेली असे.

त्यांची श्रद्धा त्यांनी पहिल्याच महिन्यात मला सांगितली, न विचारता. देव लवकरच स्वतःचं राज्य आणणार आहे. ते मनातलं किंवा आभाळातलं राज्य नाही, याच जमिनीवर चालणारं. त्या दिवशी माणसांची सगळी सरकारं संपतील, चांगली आणि वाईट दोन्ही. मग आजार नाही, लढाई नाही, भूक नाही. आणि मेलेली माणसं ज्या मातीत पुरली असतील तिथूनच उठतील आणि आपापल्या घरी जातील. हे मानणारी मोजकी माणसं चंद्रपुरात एका घरी रविवारी जमत. बाई पहाटेच्या बसनं जात आणि संध्याकाळी परत येत. उरलेल्या दिवशी, कामाची वेळ संपली की, हेच त्या कोणालाही सांगत.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "अंगणवाडीच्या वेळेत हे चालणार नाही."

"वेळेत नाई सांगत, मॅडम. वेळ सरकारची हाय."

"आणि बाकीची?"

"बाकीची बी हाय म्हना, पन सध्यापुरती."

अडचण शब्दाची होती. आमच्या भागात 'राज्य येणार' म्हटलं की माणसाच्या डोक्यात देव येत नाही, वेगळा विदर्भ येतो. शेजारच्या गावात एक निवृत्त मास्तर होते. उन्हाळ्यात बाई त्यांच्या ओसरीवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तरजी, राज्य येनार हाय."

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "बाई, माये केस पांढरे झाले हे आयकून आयकून. देतेत कुठी थे?"

"देनारा मोठा हाय, मास्तरजी. त्यानं वचन देल्लं हाय."

"वचन त सगळेच देतेत. बरं, राजधानी नागपूरच नं?"

"राजधानी वरतं हाय."

"वरतं म्हंजे दिल्लीच झाली नं मंग! काय फायदा?"

बऱ्याच वेळानं दोघांना उलगडा झाला. मास्तर इतके हसले की त्यांच्या बायकोनं आतून पाणी आणलं. बाईही हसल्या. ही गोष्ट त्यांनी स्वतःच मला सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, "पन मॅडम, मास्तरजी थांबून होते. एवढी वर्षं एका राज्यासाठी थांबनारा मानूस मले पयल्यांदा भेटला."

निवडणुकीत मत त्या देत नसत. कोणाला देऊ नका असं सांगत नसत. स्वतः तेवढ्या घरी राहत. प्रचाराला आलेली पोरं दारात उभी राहून खोडी काढत. "वार्ताबाई, तुमच्या राजाची निशानी कोनती? आमी बी शिक्का मारतो."

"निशानी नाई, भाऊ. थो उभाच नाई निवडनुकीत."

"मंग निवडून कसा येईन?"

"थो निवडून नाई येत. थो येतेच."

पोरं पुढच्या घरी जात. बाई त्यांना पाणी विचारल्याशिवाय सोडत नसत, झेंडा कुठलाही असो.

एकदा माझ्याबरोबर वरचे एक साहेब तपासणीला आले. मुलं पुढे बसवली होती. भिंतीवर प्राण्यांचा तक्ता होता. सेविका रजेवर होती, म्हणून सुवार्ताबाईच मुलांजवळ होत्या. साहेबांनी काठी वाघावर ठेवली आणि गोड आवाजात विचारलं, "हा कोण?"

"वाऽघ!"

"वाघ काय खातो?"

सगळी मुलं एका सुरात ओरडली, "गवऽत!"

साहेब पोट धरून हसले. मी बाईंना बाजूला घेतलं. "हे काय शिकवलंत? तक्त्याप्रमाणे शिकवायचं."

"आता मांस खाते मॅडम, मले मालूम हाय," बाई हळूच म्हणाल्या. "पन थ्या राज्यात गवत खाईन. बैलासारखा, बैलाच्या बाजूनं बसून. पोरं तवा मोठे झाले राहतीन. आत्ताच भेव काऊन भराचा त्याइच्या मनात?"

जीपमध्ये बसल्यावरही साहेब हसत होते. "वाघाच्या जंगलात राहून असली बाई! हिनं कधी वाघ पाहिला तरी आहे का?"

मी सांगितलं, तिच्या नवऱ्याला वाघानंच नेलं. मोहफुलं वेचायला पहाटे गेला होता. बाई दुसऱ्या झाडाखाली होत्या. आवाज त्यांनी ऐकला होता.



राजन्नाला गावाच्या कडेला, बाईंच्या परसापासून हाकेच्या अंतरावर पुरलं होतं. मी एकदा त्यांना तिथं दगड सारखे करताना पाहिलं. रडत नव्हत्या. बाहेरगावी गेलेल्या माणसाची खोली आवरून ठेवावी तसं चाललं होतं. "निजला हाय थो," एवढंच म्हणाल्या. गावातल्या कोणी 'राजन्ना मेला तेव्हा' असं म्हटलं तर त्या दुरुस्ती करत, "निजला तवा."

आणि मग गाव हलवायची गोष्ट आली.

जंगल वाघांसाठी मोकळं करायचं होतं. बेहडाटोला तिथून उठवून गोंडपिपरीकडच्या एका माळावर वसवायचा होता. अंगणवाडीसमोरच्या मोकळ्या जागेत सभा भरली. कुटुंबांची यादी मी केली होती, म्हणून मलाही बोलावलं होतं. आलेले अधिकारी चांगले होते, नीट समजावत होते. "तुमचं सगळ्यांचं पुनर्वसन होणार आहे. नवं गाव, पक्की घरं, वीज, नळ. लेकरांना वाघाची भीती नाही."

सभेत कुजबुज सुरू झाली. लोक वळून सुवार्ताबाईंकडे पाहायला लागले. मला आधी कळेना. मग लक्षात आलं. नवी घरं, पाणी, वाघाची भीती नाही, आणि त्या सगळ्याच्या आधी एक लांबलचक 'पुनर'वाला शब्द: हे सगळं गावानं आधी ऐकलं होतं. बाई इतकी वर्षं पुनरुत्थान, पुनरुत्थान म्हणत होत्या. आता तेच सरकारी कागदावर आलं होतं.

सोमाजी म्हणून एक म्हातारे होते. ते काठीवर उभे राहिले. "म्हंजे वार्ताबाई सांगे थेच हे! मी म्हनो, बाई फोकनाड मारते." आणि अधिकाऱ्यांकडे वळून, अगदी हात जोडून त्यांनी विचारलं, "साहेब, मेलेले बी येतीन का?"

"कोण मेलेले?"

"माही बायको. तुमच्या यादीत नाव हाय का तिचं?"

अधिकाऱ्यांनी माझ्या यादीवर नजर टाकली आणि सरळपणे सांगितलं, "मयत व्यक्तींची नावं वगळलेली आहेत, बाबा."

मागची पोरं फिदीफिदी हसली. सोमाजी उभेच होते, कुठं चुकलं ते न कळल्यासारखे. तेव्हा सुवार्ताबाई पुढे आल्या आणि त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"सोमाजी भाऊ, थे पुनरुत्थान. हे पुनर्वसन. थ्याच्यात मेलेले उठतेत. ह्याच्यात गाव उठते."



एकेक करत सगळ्या घरांनी होकार दिला. लोकांचंही बरोबर होतं. तिथं अंधार पडला की लघवीलासुद्धा दोघांनी जावं लागे. एकट्या सुवार्ताबाईंनी सही केली नाही. गाव एकत्रच हलायचं होतं. एक घर अडलं की सगळ्यांचं अडत होतं. शेजारणी त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. त्यांच्या हाकेला मुलं उशिरा बाहेर येऊ लागली. सोमाजी एकदा दारात येऊन म्हणाले, "वार्ताबाई, तुया राजाले घाई नाई, मालूम हाय आमाले. पन आमाले हाय. नातू लहान हाय माया."

मी गेले ते त्यांना समजवायला. नव्या जागेचे फायदे लिहूनच नेले होते. दवाखाना जवळ, बस दारात, चंद्रपूरला रविवारी जायला सोपं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चहा दिला. मग म्हणाल्या, "मॅडम, हे सगळं खरं हाय. पन मले सांगा, राज्य कवा येईन?"

"मला कसं माहीत असणार, बाई?"

"मले बी नाई मालूम. मी मेल्यावर आलं त चांगलं, दोघं संगच उठू. पन माया जित्तेपनी आलं त? थो इथी उठीन. उठल्यावर मानूस कुठी जाते? घरी. थो घराकडं येईन, आन इथी काय? गवत." त्यांनी अंगणाकडे बोट केलं. "थो मले हाका मारीन, मॅडम. आन मी तिकडं गोंडपिपरीले राहीन, नळाखाली भांडे घासत."

यावर माझ्या कागदात मुद्दा नव्हता. मी व्यवहारी बाई आहे. अंगणवाडी एका खोलीतून दुसरीत हलवली की आम्ही जुन्या दाराला पाटी लावतो: अंगणवाडी हलवली आहे, नवा पत्ता अमुक. तोंडातून तेच निघून गेलं.

"मग पाटी लावा."

मला वाटलं, त्या दुखावल्या. पण त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला, जसा एखादा हरवलेला चमचा सापडल्यावर होतो.

"पत्र्याची?"

"पत्र्याची. ऑइलपेंटनं लिहू. पावसात जाणार नाही."

"तुमचं अक्षर चांगलं हाय," त्या म्हणाल्या. आणि पदराला हात पुसून, "द्या, सही कुठी कराची?"

निघण्याच्या आदल्या दिवशी मी पत्रा आणि निळा रंग घेऊन गेले. अंगणवाडीच्या खिडक्या रंगवून उरलेला डबा होता. राजन्नाच्या दगडांशेजारी आम्ही बसलो. मी सवयीनं सुरुवात केली: श्रीमती सुवार्ता राजन्ना, मुक्काम नवा बेहडाटोला, तालुका...

"तालुका नोको, मॅडम."

"का?"

"तालुका सरकारचा हाय. थो उठीन तवा सरकार नाई राहनार. मंग कोनाले इचारीन, तालुका कुठी हाय म्हनून?"

मी ब्रश थांबवला. "जिल्हा?"

"जिल्हा बी सरकारचाच नं."

"महाराष्ट्र?"

"नाई." त्या हसल्या. "मास्तरजीचा विदर्भ बी नाई."

पिनकोड मी विचारलाच नाही. लिहिलेलं मी रॉकेलच्या चिंधीनं पुसून टाकलं. आयुष्यभर मी पत्ते लिहिलेत, पण हे सगळं काढून टाकल्यावर पत्त्यात काय उरतं याचा विचार कधी करावा लागला नव्हता. रस्ता? तो बांधकाम खात्याचा. घर नंबर? तो प्लॉटचा. नव्या माळावर एक झाड नव्हतं की ज्याची खूण सांगावी. सगळी घरं एका रंगाची, एका मापाची.

"मग राहील काय, बाई?"

"सूर्य राहीन," त्या विचार करून म्हणाल्या. "राजन्नाचे हात राहतीन. मायं नाव राहीन." थोड्या वेळानं, "आन घर. घर मी आपल्यासारखं करीन."

त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं, फक्त शब्द शुद्ध केले: राजन्ना, सूर्य उगवतो तिकडे तोंड कर. उजव्या हाताकडे चालत ये. घर मातीचं आहे, खाली छुईच्या पांढऱ्या मातीचा पट्टा आहे. सुवार्ता.

लिहून झाल्यावर मला आठवलं. "पण बाई, राजन्नाला वाचता कुठं येत होतं?"

"मॅडम!" त्यांना माझी कीव आली. "थ्या राज्यात आंधळे पाहतीन, लंगडे धावतीन. राजन्नाले चार ओळी नाई येनार वाचता?"

दुसऱ्या दिवशी ट्रक आले. सामानावर बाया-पोरं बसली. सुवार्ताबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या, पाटीकडे तोंड करून. गाडी वळली तरी त्या तशाच होत्या.

पुढे माझी बदली जिवतीला झाली. डोंगरातल्या अंगणवाड्या, नव्या याद्या. एक दिवस बेहडाटोल्याच्या सेविकेचा फोन आला. सुवार्ताबाई गेल्या. ताप अंगावर काढला होता. मी पोचले तेव्हा चंद्रपूरची त्यांची माणसं आली होती. त्यांनी शांतपणे दोन गाणी म्हटली आणि नव्या गावाच्या कडेला, जिथं आता पहिलंच थडगं होतं, तिथं त्यांना पुरलं. सोमाजी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. माती लोटून झाल्यावर ते मला म्हणाले, "वार्ताबाई निजली, मॅडम." मेली म्हणाले नाहीत.

परत निघताना माझ्या डोक्यात कामाची यादी सुरू झाली. ती सवयच आहे. पत्रा, रंग, ब्रश. इथंही पाटी हवी. त्यांचा नवरा तिकडे उठणार, या इकडे. सूर्य उगवतो तिकडे तोंड कर, डाव्या हाताकडे चालत ये. मजकूरसुद्धा तयार झाला. मी हे काही मानत नाही, मानणारी नाही. तरी गोंडपिपरीच्या बसस्टँडवर रंगाच्या दुकानासमोर उभी राहिले आणि तिथंच माझ्या लक्षात आलं की हे चालणार नाही. दोन्हीकडे पाट्या लावल्या तर दोघंही निघतील, आणि एवढ्या जंगलात चुकामूक होईल. दोघांपैकी एकानं जागेवर थांबायला हवं. थांबण्याची सवय कोणाला होती, हा प्रश्नच नव्हता.

मी रंग घेतला नाही.

जुन्या बेहडाटोल्यात आता कोणाला उतरू देत नाहीत. सफारीच्या गाड्या बाजूनं जातात. एका ड्रायव्हरनं सांगितलं, गवत पुरुषभर वाढलंय, चितळं चरतात, आणि कधीकधी त्यात वाघीण बसलेली दिसते. पाटीचं त्याला काही ठाऊक नव्हतं.

मी सुवार्ताबाईंना जिवंत शेवटचं पाहिलं ते बदलीच्या आधी, पावसाळा सरताना. नव्या गावात सगळी घरं पिवळी होती. एकच घर अर्धं मातीचं दिसत होतं. सुवार्ताबाई स्टुलावर चढून पक्क्या भिंतीला शेणमाती लावत होत्या. वरून लावत होत्या, खालून पोपडे सुटत होते. पायाशी गळलेल्या मातीचा ढीग होता. शेजारीण दारातून ओरडली, "आवो, चांगल्या रंगावर काऊन चिखल फासून राह्यले?" बाईंनी लक्ष दिलं नाही.

"सिमेंट माती धरत नाही, बाई," मी म्हटलं. "छिन्नीनं खाचा पाडून घ्या आधी. नाहीतर टिकणार नाही."

त्यांनी ओंजळभर माती भिंतीवर दाबून धरली. दोन्ही तळवे लावून, अंगाचा भार टाकून, जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कपाळावर छुईचा पांढरा ओघळ आला होता.

"लय दिवस कुठी टिकवाचं हाय, मॅडम?" त्या म्हणाल्या. "थो येईपर्यंत. सध्यापुरतं."